बैलजोडीच्या मागचं जू

नवापूर

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आमच्या नवापुरात कोणी टोमणा म्हणून मारत नाही. साजरे असोत की नसोत, डोंगर दुरूनच बघायचे असतात अशी गावाची समजूत आहे. होडी किनारा सोडून बरीच आत गेली की आधी घरं दिसेनाशी होतात, मग सुरूची झाडं, मग माड. शेवटी तारापूरच्या कारखान्यांच्या चिमण्या तेवढ्या उरतात आणि त्यांच्याही मागे डोंगरांची निळी रेघ. त्या रेघेत दोन उंचवटे शेजारीशेजारी आहेत, वशिंडासकट. त्यांना आमच्याकडे बैलजोडी म्हणतात. दोन बैलांच्या मधे एक सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, ते जू. जू दोन्ही मानांवर बरोबर बसलेलं दिसलं की समजायचं, आपले खुंट इथेच खाली आहेत.

हे खुंट म्हणजे समुद्राच्या तळात रोवलेले मोठाले खांब. त्यांना डोल जाळं बांधतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी आपसूक आत शिरते. प्रत्येक घराचे खुंट ठरलेले आणि ते शोधायची खूणही ठरलेली. कोणाची खूण देवळाचा कळस, कोणाची चिमणी. बैलजोडी आणि जू ही आमच्या घराची खूण, त्या ओळीत दुसऱ्या कोणाचे खुंट नाहीत. चिमणीवाल्यांना बाबा नेहमी हसायचे. उद्या कंपनीने चिमणी पाडली तर काय करशील, म्हणायचे. डोंगर कोण पाडतो?

बाबा म्हणजे माझे वडील. गाव त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणूनच ओळखतं. सगळी हयात त्यांनी या खुणेवर होडी हाकली. आता उजव्या गुडघ्याने दगा दिला म्हणून होडी माझा चुलतभाऊ नरेश चालवतो. त्याच्याकडे उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र आहे. बाबा त्याला 'डबी' म्हणतात, आणि नरेश जाळं टाकून आला की डबी काय म्हणाली असं खोचकपणे विचारतात. नरेश बिचारा हसतो. तोही जू बघूनच जातो, डबी फक्त खात्रीला असते.

यंदा गणपतीत घरी गेलो तेव्हा कळलं की डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय. बाबा ओटीवर जाळ्याची फाटकी वीण सांधत बसले होते. मी समजूत घालायच्या तयारीने शेजारी बसलो, आजकाल ही साधी गोष्ट आहे वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ऑपरेशनला नाय म्हणत नाय मी," ते म्हणाले. "थंडी सरली का करू. पण त्याच्या आदी मला एकदा जुवावर उभं रायचंय. ह्याच गुडघ्यानं. नवा गुडघा काय, त्याला जू म्हायत पण नाय."

मी दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जातो, हे घरात थट्टेचं कारण होतं. बोईसरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत आठवडाभर रंग ढवळायचे आणि सुट्टीच्या दिवशी काटे टोचून घ्यायचे, असं माझी बायको मीना म्हणते. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणीतरी त्या छंदाकडे कामाची गोष्ट म्हणून बघितलं. तू फिरतोस ना, मग ने मला, बाबा म्हणाले. मी हो म्हणालो. कसं, कुठून, कुठल्या वाटेने, यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

बोईसर

आमच्या कारखान्यात बॉयलरवर नेगी नावाचा गृहस्थ आहे, मूळचा गढवालचा. बर्फाचे डोंगर घराच्या खिडकीतून दिसायचे अशा गावात वाढलेला माणूस. त्याला बोईसरच्या धुरात बघून मला उगीचच अपराधी वाटायचं. मी बेत सांगितला तर तो जागचा उठलाच. त्याच्या खोलीत गॅसवर चहा ठेवून आम्ही नकाशा उघडला आणि बसलो.

बेत असा होता: बैलजोडी आणि जू हा सगळा पट्टा बिनवाटेचा पार करायचा. दक्षिणेच्या बैलावर चढायचं, जुवावरून चालत जायचं आणि उत्तरेच्या बैलावरून उतरायचं. त्या रानात पायवाटही नाही असं सगळे सांगत होते, म्हणजे सगळं पाठीवर नेणं आलं, आणि पाणी दिसेल तिथे मुक्काम. आधी मी आणि नेगी जाऊन बघून येणार, मग बाबांना नेणार. बाबांचा गुडघा चढ-उतार सोसणार नव्हता. पण दक्षिणेच्या बैलाच्या खांद्यावर एक पाडा आहे आणि तिथवर जीप जाते, एवढी माहिती मी काढली होती. खांद्यावरून थोडं चढलं की पुढे सपाट जू. सपाटीवर बाबा धिम्या चालीने दिवसभर चालू शकतात. सगळं त्या सपाटीवर अवलंबून होतं.

अडचण एकच होती. नकाशावर बैलजोडी नावाचा डोंगरच नव्हता. असणार कसा, ते नाव आमचं, पाण्यावरचं. जमिनीवरच्या माणसांची नावं वेगळी. शिवाय नकाशा डोंगर वरून बघतो आणि आम्ही तो पिढ्यान्‌पिढ्या समोरून बघत आलेलो. मी रेषांच्या त्या जंजाळात बोट फिरवत राहिलो. शेवटी एक लांब धार सापडली, दोन टोकांना दोन उंचवटे आणि मधे सपाटी. हेच ते, मी म्हणालो. नेगीने मान डोलावली. आप बोलते हो तो वही होगा, म्हणाला. आता आठवलं की हसू येतं. हवा तो डोंगर नकाशात शोधला आणि सापडल्याचा आनंद केला.

शिध्यावरून आमचं भांडण झालं. नेगीला राजमा न्यायचा होता. रानात राजमा शिजेपर्यंत दिवस मावळेल, असं मी त्याला समजावलं. माझ्या मते सुके बोंबील, सुकट, तांदळाच्या भाकऱ्या आणि चिंच एवढ्यावर माणूस आठवडा काढू शकतो. बोंबलाला चूल नाही लागत, निखारा पुरतो. वजन म्हणाल तर पिसासारखं. नेगीने बोंबलाची पुडी नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली.

"भाईसाब, ये बैग के अंदर नहीं, बाहर बाँधिए," तो म्हणाला. "और मुझसे आगे मत चलिए."

कोळगाव

रानातून जायचं तर विचारून जावं, म्हणून एक दिवस अर्धी रजा टाकून कोळगावला जिल्ह्याच्या कचेऱ्यांत गेलो. तिथल्या चकचकीत इमारतींत हिंडताना मला डोंगरापेक्षा जास्त वेळ वाट चुकल्यासारखं झालं. पण माणसं भली होती. एका साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, मनोरचा रस्ता चांगला डांबरी आहे, मग तुम्ही रस्ता नाही तिथून का जाताय?

मी बाबांची गोष्ट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचे वडील केळव्याला पानवेलीची वाडी करायचे, वाडीतल्या आंब्याच्या झाडापलीकडे कधी गेले नाहीत, असं काहीतरी ते बोलत राहिले. मग वनखात्यात कोणाला भेटायचं ते सांगितलं आणि तिथलं काम सरळ झालं. एकच ताकीद मिळाली: विस्तव जपून, गवत वाळलंय.

वाघोबा खिंड

दिवाळी झाल्यावर निघालो. पालघरहून मनोरकडे जाताना खिंडीत वाघोबाचं ठाणं आहे. तिथे ट्रकवाला असो की मोटारसायकलवाला, गाडी थबकतेच. नेगीने विचारलं, इथे वाघ आहे का? बिबट्या आहे, मी म्हणालो, आणि त्याच्या हद्दीतून जायचं म्हणून त्याला सांगून जायचं. नेगीला ते लगेच पटलं. त्याच्याकडेही खिंडीत देवाला सांगूनच पुढे जातात, फक्त तिथे चिंध्या बांधतात आणि इथे नारळ फोडतात. मी नारळ आणला होता, मीनाने आठवणीने दिलेला. ओल्या खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून आम्ही जीपमध्ये बसलो.

खांद्यावरच्या पाड्यापर्यंत जीपने नीट पोचवलं. तिथून माथा समोर दिसत होता, तासाभराचा चढ असावा असा. नेगीने वर बघितलं आणि मिशीत हसला. ये पहाड़ नहीं है, टीला है, म्हणाला. मी पिशवीचे पट्टे आवळले. घोडामैदान जवळच होतं.

गवत डोक्याच्या वर गेलेलं. पुढचा माणूस दोन हातांवर असला तरी दिसायचा नाही, फक्त गवताची सळसळ ऐकू यायची. कुसळं मोज्यांतून, बनियनमधून, कुठून कुठून आत शिरत होती. ऊन तर असं की दगडावर बसायची सोय नाही. नेगी बर्फातला माणूस, पहिल्या चढातच त्याचा शर्ट पिळून काढण्याजोगा झाला. पहाड़ में ठंड होती है, हे वाक्य तो मधूनमधून तक्रारीच्या सुरात म्हणत होता, जसं काही डोंगराने त्याला फसवलंय. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

माथ्यावर पोचलो तेव्हा वारा लागला. मी आधी पश्चिमेला बघितलं. चिमण्या दिसल्या, त्यांच्यापलीकडे समुद्राची पांढुरकी पट्टी दिसली. उत्तरेला दुसरा बैल दिसला, अगदी बाबा सांगतात तसा, वशिंड मागे टाकलेला. आणि दोघांच्या मधे काहीच नव्हतं.

म्हणजे दरी होती. खोल, झाडीने भरलेली, तळ न दिसणारी. मी डोळे चोळले, टोपी काढून परत घातली. सपाट जू कुठे गेलं? मग नेगीने माझा खांदा धरून मला पूर्वेला वळवलं. दरीच्या पार पलीकडे, बैलांपासून कितीतरी लांब, एक सपाट माथ्याचा डोंगर एकटाच उभा होता. त्याचं या दोघांशी काही नातं नव्हतं. समुद्रावरून बघताना तो दोघांच्या फटीतून दिसायचा एवढंच.

मी तिथेच गवतात बसलो. नकाशावरची माझी लाडकी धार भलत्याच डोंगराची होती, पाड्याचा पत्ता विचारून आलो म्हणून बैल तेवढा खरा सापडला होता. पण त्यापेक्षा वाईट हे होतं की जुवावर जायला आता एकच रस्ता समोर दिसत होता, ही दरी उतरायची आणि पलीकडचा कडा चढायचा. बाबांच्या गुडघ्याला त्यातलं काहीच जमणार नव्हतं. सगळ्या गावाने ज्याला एक डोंगर मानलं ते तीन निघाले, हे त्यांना सांगायचं कसं, आणि नेत नाही हे सांगायचं कसं, या विचाराने मी रडायच्या बेतात आलो. नेगी शेजारी बसला. त्याने तो सपाट डोंगर इकडून तिकडे नीट न्याहाळला. मग म्हणाला, "पीछे से भी तो देखो. हर पहाड़ की पीठ होती है."

दरीत

उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं हे मला माहीत होतं, नेगीला तर नक्कीच माहीत होतं. तरी आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं झालं. गवत संपलं आणि कारवी सुरू झाली. कारवीच्या काठ्या इतक्या दाट की पिशवी अडकायची आणि माणूस पुढे, पिशवी मागे अशी ओढाताण व्हायची. एका घसरणीवर नेगीचा पाय सुटला आणि तो बसल्याबसल्या पार झऱ्यापर्यंत गेला. मी घाबरून हाका मारत खाली धावलो. तो पाण्यात बसून हसत होता. टीला कुठे गेला, मी विचारलं. त्याने माझ्यावर पाणी उडवलं.

पण माझी पिशवी खडकावर घासून सुकटीची पुडी फाटली होती. आम्ही पाणी पीत असताना मुंग्यांनी पिशवीचा ताबा घेतला. मोठ्या, तांबड्या, कडकडून चावणाऱ्या. त्यांना झटकताना सगळी सुकट झऱ्याकाठी सांडली. नेगीच्या चेहऱ्यावरचं समाधान मी कधी विसरणार नाही. बोंबील तेवढे वाचले, कारण ते त्याच्याच आग्रहाने बाहेर बांधले होते.

दरीत मोबाईल चालत नव्हता आणि माथे दिसत नव्हते. पाण्याच्या काठाने पूर्वेकडे जात राहायचं एवढंच आम्ही ठरवलं. ऊन कलायला लागलं तेव्हा लाकडी घंटेचा आवाज आला, गुराच्या गळ्यातल्या. त्या आवाजामागे गेलो तर गुरांची वाट सापडली, आणि वाटेच्या टोकाला कुडाची घरं. पाडा जवळजवळ रिकामा होता. भातकापणी उरकून माणसं वीटभट्टीच्या कामाला गेली होती. एका अंगणात साठीच्या आसपासची बाई भात पाखडत होती. तिचं नाव जनीबाय.

तिने आम्हाला बघून प्रश्न विचारला नाही, आधी पाण्याचा तांब्या दिला. मग कुठून आलात म्हणून विचारलं. आम्ही मागे हात केला. ती दरीकडे बघत राहिली.

"तिकडून कोण येतं?" ती म्हणाली. "रानडुक्कर येतं तिकडून."

रात्री तिने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. मी चुलीच्या निखाऱ्यावर बोंबील भाजले. तो वास सुटला तशी जनीबाय हसायला लागली. तिच्याकडे बोंबील मनोरच्या बाजारातून येतो, वाटेत अर्धा भुगा होऊन. एवढा अख्खा, पांढरा बोंबील तिने पहिल्यांदा बघितला असं म्हणाली. आमच्या घरी बोंबील तोंडी लावणं असतो, इथे तो पाहुणचार ठरला. आणि सांगायला हरकत नाही, नेगीनेही खाल्ला. नागलीच्या भाकरीबरोबर, मान खाली घालून, दुसऱ्यांदा मागून.

समोरच्या सपाट डोंगराचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, दिव्याचा माळ. वर एखादं देवस्थान असेल, कोणी दिवा लावत असेल, असं मी गृहीत धरलं आणि पुढे विचारलं नाही. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की वर जायला वाट आहे का. तिला प्रश्नच कळेना. गुरं रोज जातात, म्हणाली. मागच्या अंगाने चढ कसला, जराशा कललेल्या खळ्यासारखं सपाटच ते. आणि पाड्यापर्यंत मनोरच्या बाजूने जीप येते.

सकाळी आम्ही गुरांमागे वर गेलो. पश्चिमेला कडा सरळ तुटलेला, पण मागून चढ असा संथ की नेगीने मधेच उलटं चालून दाखवलं. माथ्यावरून दोन्ही बैल मागून दिसत होते. समुद्राकडे धुकं होतं. मी जागच्या जागी नवी वाट आखली: थंडी पडली की मी आणि नेगी दक्षिणेच्या बैलावरून दरीत उतरून बिनवाटेने इथे येणार, आणि बाबा मागच्या बाजूने. डोंगराला पाठ असते, हे नेगीचं बोलणं खरं ठरलं होतं. आता बाबांना समोरची बाजू सांगायची होती.

पुन्हा नवापूर

घरी पोचलो तेव्हा बाबा वाटच बघत होते. मी तिखटमीठ न लावता सगळं सांगितलं. जू बैलांना जोडलेलं नाही. मधे दरी आहे. जू म्हणजे मागे, लांब, वेगळाच डोंगर आहे. बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतो.

बाबांनी मांडीवरचं जाळं बाजूला केलं. विणकामाची सुई हातातच राहिली. मग त्यांनी ओटीवरचे दोन तांबे उचलून माझ्यासमोर शेजारीशेजारी ठेवली, आणि मागे, भिंतीशी, पाटा उभा केला. एक डोळा मिटून ते डावीकडे सरकले, मग उजवीकडे. गुडघा दुखत असूनही ओटीभर सरकत राहिले.

"जू सरकतं," ते म्हणाले. "होडी उत्तरेला गेली का जू एका बैलाच्या मानेवरून घसरतं, दक्षिणेला गेली का दुसऱ्याच्या. माजा बाप सांगायचा, बैल मान हालवतात. मी पण नरेशला तेच सांगलंय." त्यांनी पाट्याकडे परत बघितलं. "जोडलेलं असतं तर सरकलं असतं काय? मागं हाय म्हणून तर खूण हाय."

मला वाटलं होतं त्यांचं काहीतरी मोडेल. ते तर खूश झाले होते. त्यांनी आईला हाक मारली, नरेशला बोलावलं, शेजारच्यांना बोलावलं आणि संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला एक डोळा मिटून ओटीवर सरकायला लावलं. नरेशने हळूच विचारलं, मग आता बैल मान हलवत नाहीत का? हलवतात, बाबा म्हणाले, तू पोरांना तसंच सांग.

थंडी पडेपर्यंत थांबायला मात्र ते तयार झाले नाहीत. तू आणि तुजा तो पहाडी भरपूर चाला नंतर, म्हणाले, मला आता ने. नरेशला त्यांनी फक्त संध्याकाळचं पाणी कधी आहे, होडी खुंटावर कधी असेल, ते विचारून घेतलं.

दिव्याचा माळ

जीपने आम्ही दुपारीच पाड्यावर पोचलो. बाबांनी जनीबायला बोंबलाची माळ दिली, घरी वाळवलेली, अख्खी. तिने ती कुडाला टांगली आणि काठी घेऊन पुढे झाली. बाबांची काठी तिच्या काठीपेक्षा जाड होती. दोघं गुरांच्या वाटेने गुरांच्याच चालीने चढत होते, मी आणि नेगी मागे. वाटेत बाबा बऱ्याचदा थांबले. प्रत्येक वेळी काहीतरी विचारायचं निमित्त केलं, हे झाड कुठलं, इथे पाणी किती दिवस टिकतं. जनीबाय प्रत्येक वेळी सविस्तर उत्तर देत होती. तिलाही कळत होतं. एकदा मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

माथ्याची सपाटी लागली तेव्हा बाबा थांबले. काठी खाली ठेवून गुडघ्याला हात न लावता तसेच उभे राहिले. पायाखालचं गवत पायाने दाबून बघितलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. मग ते पश्चिमेच्या टोकाकडे गेले आणि दगडावर बसले. दोन्ही बैल समोर होते, त्यांच्या फटीतून समुद्र दिसत होता. या खेपेला हवा स्वच्छ होती.

सूर्य पाण्यात गेला तशी जनीबाय म्हणाली, आता लागतील. काय लागतील, मी विचारलं.

"दिवे," ती म्हणाली. "पावसात नसतात. नारळी पुनवेच्या मागून लागतात. दिवे दिसले का आमी समजतो दर्या उघडला. मंग बाजारात तुमचं म्हावरं येतं."

तेव्हा मला त्या माळाचं नाव कळलं. वर देवस्थान नव्हतंच. आमचे लोक तिकडून हा डोंगर बघत होते आणि हे लोक इकडून आमच्या होड्या बघत होते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. एक दिवा लागला, मग आणखी लागले. पार लांब, पाण्यावर, बारीक. नेगी हळूच म्हणाला, तारे नीचे आ गए.

जनीबायने बाबांना विचारलं, "यातला तुमचा कुठला?"

दिवे सगळे सारखे दिसत होते. मला वाटलं बाबा हसून सोडून देतील. पण ते उठले. दगडापासून थोडे उजवीकडे सरकले, मग जरासे डावीकडे, जुवाच्या बरोबर मध्यावर. एक डोळा मिटला. ओटीवर केलं होतं तसंच, फक्त आता ते पाट्याच्या जागी होते. दोन बैलांच्या अगदी मधे एक दिवा होता, त्याच्या आजूबाजूला दुसरा नव्हता.

"तो," त्यांनी काठीने दाखवला. "मदला. आमच्या खुंटावर हाय तो. नरेश."

जनीबाय त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि काठीच्या रोखाने बघत राहिली. नीट बघून घेतलं, ओळख पटवून घेतल्यासारखं.

"मंग आता रोज बघू आमी," ती म्हणाली. "लागला का नाय."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ त्या दिव्याकडे बघून ते माझ्याकडे वळले.

"घरी गेलो का नरेशला सांगतो," ते म्हणाले. "दिव्याची काच पुसत जा. मानसं बघतात."